अंतऱ्यातलं नाव

अण्णांच्या पुढ्यात कुणी काहीही गायलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "कुणाचं हाय हे?" गाणारा घामाघूम झालेला असे, कौतुकाच्या दोन शब्दांची वाट बघत असे. आणि अण्णा, दारात उभ्या असलेल्या अनोळखी पोराला "कुणाचा रे तू?" असं विचारावं, तसं त्या बंदिशीचं गोत्र विचारत. बांधणाऱ्याचं नाव सांगता आलं, तर अण्णा उजव्या हातानं कानाची पाळी धरत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "हां. आता गा." नाव सांगता आलं नाही, तर गाणं कितीही चांगलं असो, ते चहा सांगायच्या निमित्तानं उठून जात.

गुरूचं नाव घेताना कान धरायची रीत गाण्यातल्या सगळ्यांचीच आहे. अण्णा मात्र बंदिश बांधणाऱ्याच्या नावाला कान धरत. "गुरूला लोक पाया पडत्यात. गाणाऱ्याला टाळ्या भेटत्यात. बांधणाऱ्याला काय भेटतं? अंतऱ्यातलं येवढं एक नाव. ते बी घेतलं न्हाई, तर मंग त्यानं बांधलंच कामून?" असं त्यांचं म्हणणं. सगळं कुंभार पिंपळगाव त्यांना पाठीमागं 'कुणाचं-अण्णा' म्हणायचं. बाजाराच्या दिवशी भाजीवाली त्यांना येताना बघून लांबूनच ओरडायची, "अण्णा, वांगे मपल्याच शेतातले हायती, इचारू नका!" अण्णा हसायचे आणि वांगी घ्यायचे.

गाण्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की बंदिशीचे दोन भाग असतात. पहिला अस्ताई, जो फिरून फिरून येतो, आणि दुसरा अंतरा. बांधणारा आपलं टोपणनाव या अंतऱ्यात ओवतो. त्याला मुद्रा म्हणतात. अभंगाच्या शेवटी जसं संताचं नाव येतं, तसंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं जे काही बिघडलं ते इथंच बिघडलं.

रविवारी दुपारी अण्णांच्या शेतातल्या आखाड्यावर आमची बैठक असे. आखाडा म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढं लिंबाची सावली आणि तिन्ही अंगांनी मोसंबीची बाग. तीर्थपुरीहून रशीदचाचा मोटारसायकलवर तबला बांधून येत. मी जालन्याहून येई. कुणी नवं रेकॉर्डिंग काढलं की ते फोनवर लावायचं, फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा म्हणजे आवाज घुमतो, आणि मोसंबीच्या फोडी चोखत ऐकायचं. नंतर मी चांगला स्पीकर नेला, पण अण्णांना पातेलंच आवडे. चटईच्या वरच्या अंगाला एक काळी घोंगडी घडी करून ठेवलेली असे. तिच्यावर कुणी बसायचं नाही. नवा माणूस चुकून टेकलाच, तर अण्णा त्याला हात धरून उठवत. "ती बांधणाऱ्याची जागा हाय," म्हणत. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याची एक लहर.

बांधणारा ओळखण्यात अण्णांचा हातखंडा होता, असं मात्र मुळीच नाही. ते बेधडक चुकत आणि चुकीवर ठाण मांडून बसत. एकदा एका तरुण रचनाकाराची नवी बंदिश आली. अण्णा म्हणाले, ही जुनी आहे, आमच्या गुरुजींच्या गुरूची. रशीदचाचांनी अंतरा परत लावला, त्यात त्या पोराची मुद्रा स्वच्छ ऐकू येत होती.

"नाव तर इसका है, अण्णा."

"मंग चोरलं असंन यानं!" अण्णा कडाडले. त्या दिवशी पुढं काही लावूच दिलं नाही. पुढच्या खेपेला मी चप्पल काढते न काढते तोच म्हणाले, "ते त्या पोराचंच हाय, माय. म्या उगंच बोललो. चोरी म्हणू नाही कुणाला." मला त्यांच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. माझ्या कौतुकाला बऱ्याचदा डोळे नसतात.

हल्लीच्या रेकॉर्डिंगवर त्यांचा एकच मोठा राग होता. गाणारे अस्ताई गातात, ताना घेतात आणि वेळ संपला म्हणून अंतरा गाळतात. तसं झालं की अण्णा मांडीवर हात आपटून ओरडत, "खाल्ला! अंतरा खाल्ला भाड्यानं!" मग फोनमधल्या गायकालाच समजावत, "आरं, लग्नात नवरी बी नाव घेती. तुला कामून लाज वाटून राह्यली?" रशीदचाचा हसून हसून डग्ग्यावर डोकं टेकत.

मला ते शिकवायचे ते बागेला पाणी देता देता. माझे वडील तिथल्याच शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की मी थेट बागेत. अण्णा फावडं घेऊन दारं धरत आणि मी बांधावर उभी राहून पलटे, म्हणजे सरावाचे स्वरसमूह, घोटत असे. सूर घसरला की ते मान वर न करता म्हणत, "पाणी फुटलं, माय. बांध घाल." मी तो सूर परत लावायची. आज कॉलेजात मुलांना शिकवताना माझ्या तोंडून तेच येतं. शहरातली मुलं माझ्याकडं बघत राहतात, त्यांना पाणी फुटणं माहीत नाही. पाटाचं पाणी बांध फोडून भलतीकडं वाहतं, हे मग मला समजावून सांगावं लागतं आणि समजावता समजावता अण्णा आठवतात.

आता त्या सारंगाबद्दल.

अण्णांची म्हणून आमच्या भागात एक बंदिश सगळ्यांना ठाऊक होती. मधमाद सारंग, दुपारचा राग. 'नेक बिलम रे, घाम चढ़ो भारी.' जरा थांब बाबा, ऊन फार चढलंय. इतकी साधी आणि इतकी सावलीसारखी बंदिश मी दुसरी ऐकलेली नाही. भजनी मंडळातले टाळकरी ती गुणगुणायचे, कीर्तनाआधी कुणी ती पेटीवर वाजवायचं. सगळे तिला 'अण्णांचा सारंग' म्हणायचे. आणि गंमत अशी, की जगाला अंतऱ्यावरून शिव्या घालणारा हा माणूस स्वतःच्या सारंगाचा अंतरा कधीच गात नसे. अस्ताई गायची, आलाप करायचा आणि सोडून द्यायचं. मी विचारलं की म्हणत, "त्याला अंतरा न्हाई." रशीदचाचा एकदा बोलून गेले, "है ना! रेडियोपे गाया था तुमने!" तर अण्णा मोटर चालू राहिली म्हणून उठून गेले. मोटर बंद होती, मी स्वतः बंद केली होती.

मी ठरवून टाकलं, की ही नम्रता आहे. ज्याला जगभरच्या रचनाकारांचं नाव महत्त्वाचं वाटतं, त्याला स्वतःचं नाव उच्चारायला संकोच वाटतो. किती थोर! शिष्याला गुरूबद्दल एकदा असं काही वाटलं, की मग तो चौकशी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहान कंपनीनं मला विचारलं. फारशा माहीत नसलेल्या रचनाकारांच्या बंदिशींचं एक रेकॉर्डिंग काढायचं होतं. माझ्या मनात पहिलं नाव अण्णांचं आलं. सारंग पूर्ण गायचा, अंतऱ्यासकट, आणि त्यांना न सांगता. रविवारी जायचं, पातेल्यात फोन ठेवायचा, आणि "कुणाचं हाय हे?" असं त्यांनी विचारलं की उत्तर त्या फोनमधूनच यायचं. हा बेत मला इतका आवडला, की मी स्वयंपाक करताना एकटीच हसायची.

अंतरा रशीदचाचांकडून मिळाला. तरुणपणी अण्णा तेव्हाच्या औरंगाबादला रेडिओवर गायले, तेव्हा तबल्याला चाचाच होते. त्यांनी पेटीवर बोट ठेवून तो मला सांगितला: 'छाँव मिली, मिटी मन की तपन, तरुदास बलिहारी.' तरुदास ही अण्णांची मुद्रा. ते नाव समेच्या अलीकडे असं काही येऊन बसतं, की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते.

"बेटी, एक बार पूछ ले ना उनको," चाचा म्हणाले. "उनो गाते नै, तो कुछ तो बात होंगी."

"चाचा, सांगितलं तर ते गाऊच देणार नाहीत."

"वोइच बोल रा मैं," चाचा म्हणाले. मी पेटी बंद केली आणि विषयही.

त्याच दिवसांत अण्णांचे फोन सुरू झाले. त्यांना फोनवर हळू बोलता येत नसे. कुंभार पिंपळगावाहून जालन्यापर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय, असं समजून ते ओरडत. "माय, कधी येतीस? अंतरा द्यायचाय तुला."

"कशाचा, अण्णा?"

"सारंगाचा. बसून घे. फोनवर न्हाई जमत."

मला इतका आनंद झाला! म्हातारा शेवटी तयार झाला म्हणायचा. आणि तो अंतरा तर माझ्याकडे आधीच होता, दोन दिवसांनी रेकॉर्डिंगला उभी राहणार होते. मी म्हटलं, येते पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगचं काम वाढलं. नंतर कॉलेजच्या परीक्षा आल्या, मग स्नेहसंमेलन. अण्णांचा फोन येई: "येती म्हणली तू, वाट पाह्यली." मी म्हणे, येते हो अण्णा, घाई काय आहे? आणि फोन ठेवून गालातल्या गालात हसे. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

रेकॉर्डिंग लोकांच्या फोनवर आलं त्याच आठवड्याच्या रविवारी मी गेले. चाचा आधीच येऊन तबला जुळवत बसले होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. फोन पातेल्यात ठेवला. सारंगाचे पहिले स्वर आले तसे अण्णा ताठ बसले. माझा आवाज ओळखून हसले. अस्ताई झाली. त्यांनीच मिस्कीलपणे विचारलं, "कुणाचं हाय हे?"

मी म्हटलं, "ऐका की."

अंतरा सुरू झाला. अण्णांचा हात सवयीनं कानाकडं निघाला होता. 'तरुदास' आलं आणि तो हात मधेच थांबला. कानापर्यंत गेला नाही आणि खालीही आला नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते. तो सापडेना, तेव्हा मला वाटलं गहिवरले असतील. रेकॉर्डिंग संपलं. अण्णा उठून बागेत गेले. बऱ्याच वेळानं परत आले, तोंड धुतलेलं होतं.

"गायलीस बराबर," ते म्हणाले. "सुरात हाय. पण तिथं मपलं नाव नको होतं, माय. तिथं दुसऱ्याचं पायजे होतं."

मग त्यांनी सांगितलं. गुरुजींकडं अण्णांबरोबर भिवाजी नावाचा एक मुलगा शिकायचा. घरची मेंढरं, धनगराचं घर. सहा महिने गुरुजींकडं आणि सहा महिने कळपामागं. भर उन्हात मेंढरं झाडाखाली डोकं खाली घालून बसतात, पुढं सरकत नाहीत, ते बघत त्यानं ही अस्ताई बांधली. अंतरा त्याला सुचला नाही. त्यानं अस्ताई अण्णांना ऐकवली आणि कळप घेऊन गेला. त्यानंतर अण्णांना रेडिओचं बोलावणं आलं. नवं काहीतरी गाऊन दाखवावं असं मनात, आणि अर्धी बंदिश रेडिओवर चालत नाही. एसटीत बसल्या बसल्या अण्णांनी अंतरा जुळवला. अंतरा मपला, मंग नाव बी मपलं, असा हिशेब मनात केला. गाणं झालं आणि निवेदिकेनं सांगितलं, रचना गायकाची स्वतःची आहे.

"म्या तिथंच होतो. माइक बी चालू होता," अण्णा म्हणाले. "येक शब्द बोलायचा होता. न्हाई बोललो."

भिवाजीनं ते वाटूरला एका हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलं. आठ-पंधरा दिवसांनी तो पिंपळगावला आला, रागवायला नव्हे, तर दोस्त रेडिओवर गायला म्हणून त्याच्यासाठी एक घोंगडी घेऊन. तीच ही. अण्णा तिच्यावर जन्मभर बसले नाहीत. आणि त्या दिवसापासून ते दुसरा अंतरा बांधत होते, ज्यात भिवाचं नाव असेल. इतकी वर्षं जमला नाही. जुना चांगला होता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर कधीच टाकून दिला असता, असं ते म्हणाले. शेवटी त्या वर्षी तो जमला. तोच द्यायला ते मला फोन करत होते.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. लाज वाटली, हे खरं. पण त्याहीआधी, खरं सांगते, चीड आली: मला आधी का नाही सांगितलं? घरी परतताना गाडीत ती चीड उतरली. त्यांनी सांगायला बोलावलंच होतं की. मीच गेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी अण्णांना घेऊन वाटूरला गेले. भिवाजी आता फाट्यावर मुलाच्या चहाच्या हॉटेलात बसतात. मेंढरं कधीच विकली. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला लाल पटका, आणि हसताना सगळा चेहरा हसतो. ट्रक येत-जात होते, मधेच कुणी भजी मागत होतं, आणि त्या कलकलाटात मी फोन त्यांच्या कानाशी धरला. भिवाजी चहाच्या ग्लासवर बोटानं ताल धरून ऐकत होते.

"लई ग्वाड गायलीस, पोरी," ते म्हणाले. "न् नाव बी कसं बराबर बसलंय!"

"भिवा, तिथं तुपलं नाव पायजे," अण्णा म्हणाले.

"मपलं? मला अंतराच सुचला न्हाई ना बाबा. अर्धं लेकरू तुझ्या वटीत टाकून गेल्तो म्या. तू वाढवलं. आता बाप कोण, हे कशाला उकरून राह्यला?"

त्या हॉटेलाच्या बाकावर बसून अण्णांनी नवा अंतरा गायला. आवाज फाटत होता. 'छाँव न जाने अपनो परायो, कहत भीव अनारी.' सावलीला आपलं-परकं कळत नाही, असं अनाडी भिवा म्हणतो. भिवाजी आधी खदखदून हसले. "अनाडी बी म्हणला का मला! खरं हाय, खरं हाय." मग हसणं थांबलं आणि पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, "ग्वाड हाय रं. पण पह्यला जास्त ग्वाड हाय."

"ते मला बी ठाऊक हाय," अण्णा म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते माझ्याकडं न बघता बोलले, "माय, ह्यो अंतरा तू गा. लोकायपुढं गा. मपला आवाज आता न्हाई पुरायचा." मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, शपथच घेतली. तो अंतरा मी त्यांच्यासमोर बसून घेतला, एकेका जागेसकट.

कंपनीला मी कळवलं. त्यांनी भल्या मनानं बंदिशीखाली दोघांची नावं लिहिली, अस्ताई भिवाजींची, अंतरा अण्णांचा. पण फोनवर गाणं ऐकताना खाली काय लिहिलंय ते कोण वाचतो? गळ्यातून गेलेलं नाव कानात बसतं. ते रेकॉर्डिंग माझ्या इतर कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त पसरलं. टाळकऱ्यांनी ते फोनवर लावून लावून अंतरा पाठ केला. अंबडहून, परतूरहून लोक अण्णांना फोन करत, "अण्णा, काय नाव बसवलंय हो!" सांगून सांगून ते दमले. "ते भिवाचं हाय," असं ते म्हणायचे आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, "तुमचा मोठेपणा, अण्णा."

मी रविवारी जात राहिले, एकही चुकवला नाही. आता सवड कशी मिळत होती, देव जाणे. नवी रेकॉर्डिंगं पातेल्यात वाजत. रशीदचाचा मुद्दाम वादाला तोंड फोडत. पण अण्णांनी त्यानंतर "कुणाचं हाय हे?" असं कधी विचारलं नाही. गाणं संपलं की ते चांगलं आहे म्हणत आणि फोड पुढं करत. एकदा एका गायकानं अंतरा गाळला. मी आणि चाचा दोघंही त्यांच्या मांडीकडं बघत राहिलो, आता हात आपटतील म्हणून. ते बागेकडं बघत होते. त्या बैठकीइतकी अवघड बैठक मी कुठल्या मोठ्या सभागृहातही दिलेली नाही.

मी नवा अंतरा गायचा पहिला कार्यक्रम ठरवायच्या आत अण्णा गेले. दुपारी जेवून लिंबाखाली आडवे झाले ते उठले नाहीत. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात.

शोकसभा देवळापुढच्या मांडवात होती. भजनी मंडळ, गाव, आजूबाजूच्या गावचे गाणारे, सगळे आले होते. भिवाजी मुलाबरोबर वाटूरहून आले होते. मला सारंग गायला सांगितलं होतं. मी ठरवलं होतं, की आधी उभं राहून सगळं सांगायचं आणि मग नवा अंतरा गायचा. बसायच्या आधी भिवाजींनी माझा हात धरला.

"आज काई सांगू नको, माय. आज त्याचा दिस हाय."

"काका, मी शब्द दिलाय त्यांना."

"गायाचं ते गा. सांगू नको."

मला ते पटलं. सांगायचं नाही, नुसतं गायचं. नावच काय ते बोलेल. रशीदचाचा तबल्याला बसले. मी अस्ताई गायले. शेकडो लोक मांडवात आणि कुणी हलत नव्हतं. अंतऱ्याला आले. 'छाँव' म्हटलं आणि लिंबाखालची ती रिकामी जागा डोळ्यांपुढं आली. पुढचा शब्द बाहेर येईना.

दोन्ही अंतरे 'छाँव'नंच सुरू होतात, हे मी विसरले होते.

मी अडखळले तसे मागचे टाळकरी धावून आले. भजनात बुवा थांबला तर ओळ पडू द्यायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी एका आवाजात उचललं: "छाँव मिली, मिटी मन की तपन..." त्यांच्यामागून अख्खा मांडव. माझ्या रेकॉर्डिंगनंच पाठ करून दिलेला अंतरा, माझ्याच जागा, माझाच ठेहराव. मी मान हलवून नाही म्हणत होते. त्यांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. ते आणखी जोरात, आणखी मायेनं गायले. 'तरुदास'वर शेकडो हात कानाला गेले, अण्णांनीच गावाला लावलेली सवय ती. पहिल्या रांगेत भिवाजी गात होते. डोळे मिटलेले, कानाची पाळी घट्ट धरलेली.

माझ्याच्यानं पुढं गाववेना. चाचांनी तिहाई घेऊन संपवलं.

अंबडहून आलेले एक पाहुणे भिवाजींच्या शेजारी बसले होते. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "काय बंदिश आहे हो! कुणाची म्हणायची?"

"अण्णाची," भिवाजी म्हणाले. "नाव आइकलं न्हाई का तुमी?"

मी हातभर अंतरावर होते. पेटी पुढ्यात होती आणि माइक अजून चालूच होता. एक शब्द बोलायचा होता. मी नाही बोलले.